ओल्याची बादली, सुक्याची बादली

घंटागाडीचं गाणं वाजलं तशी आम्ही दोघं खाली उतरलो. ओल्याची बादली हिच्या हातात, सुक्याची माझ्या. गाडीवाल्यानं नेहमीसारख्या दोन्ही एकाच ढिगात उपड्या केल्या.

"तू दिवसभर निवडत बस, अन् तो बघ कसा कालवतो," मी म्हणालो.

"कालवलं ते त्याचं. आपण आपलं निवडून द्यायचं. नगरपालिकेनं सांगितलंय ना?"

"नगरपालिका येते का बघायला?"

"तुम्ही बघताय की," ही हसली.

मी फारसा शिकलेला नाही. माणूस दंडाला भिऊन नियम पाळतो, एवढंच मला ठाऊक. हिला ना कुणाचा दंड, ना कुणाची शाबासकी. मग ही कुणासाठी पाळत होती? विचारायचं राहूनच गेलं. त्याच रात्री ही झोपेतच गेली.

सकाळी घर माणसांनी भरलेलं, आणि खाली तेच गाणं वाजलं. शेजारीण म्हणाली, "काका, आज राहू द्या ना कचरा." मी ओट्याशी गेलो. गाळण्यात हिच्या चहाचा चोथा तसाच होता, तो ओल्यात टाकला. हिच्या गोळ्यांची रिकामी पट्टी सुक्यात टाकली. दोन्ही बादल्या एकट्यानं खाली नेल्या. गाडीवाल्यानं त्या एकाच ढिगात ओतल्या. मी नुसता बघत राहिलो.