बिनचित्राचा ड्रम

मुमताज आपाला कुणी नाव सांगितलं की तिचा पहिला प्रश्न, "यात ळ हाय का?" आता आमच्या गारखेड्याच्या गल्लीत सगळे राहुल नि स्नेहा, ळ आणायचा कुठून? आपा घरी बसून वाढदिवसाचे, बारशाचे अल्बम सजवायची. पानांवर चमकीची अक्षरं चिकटवून नावं लिहायची. पाकिटातली बाकीची अक्षरं संपायची आणि ळ, ठ, ढ तसेच उरायचे. ते ती बिस्किटाच्या डब्यात जपून ठेवायची.

एकदा मी म्हटलं, "आपा, टाकून दे गं." तर माझ्यावरच उखडली. "टाकू कशाला? नावात नाय बसला तर चित्रात बसंल!" तिनं ठ उलटा चिकटवला, तर खरंच, गोल शेंड्याचं झाड! ळला पेनानं मिशा काढल्या की फुलपाखरू. माझी मुलगी हरखून गेली.

पुढं दुष्काळ पडला. गल्लीत नवी अपार्टमेंटं उठत होती आणि बोअर कोरडे पडत होते. आठवड्यातून एकदा टँकर यायचा. सगळ्यांचे ड्रम सारखेच निळे. एकदा टँकरवाल्यानं ते इकडचे तिकडं सरकवले आणि समोरच्या देशपांडे काकूंचा भरलेला ड्रम आपाच्या दारात निघाला. काकूंनी गल्लीदेखत तोंड सोडलं, "पाणीचोर!" आपाची सासू अंथरुणाला खिळलेली, तिचं सगळं जागेवर. पाण्याची गरज आपालाच जास्त, म्हणून लोकांना ते खरंही वाटलं. माझा तर जीव तुटला.

आपा भांडली नाही. दुसऱ्या दिवशी डबा घेऊन आली आणि एकेकाच्या ड्रमवर वेगवेगळं चित्र चिकटवत सुटली. काकूंच्या ड्रमवर तर उलट्या ठची अख्खी आमराई! स्वतःच्या ड्रमपाशी पोचेतो डबा रिकामा. "ऱ्हाऊ दे," म्हणाली, "ज्याच्यावर काय नाय, तो माझा." ड्रमवरून पुन्हा भांडण झालं नाही. पण काकू तिच्याशी बोलल्या नाहीत, आणि ती आतून खचली ती खचलीच. "पाणी येतं नि जातं गं," म्हणायची, "बोललेलं जात नाय."

मग घरमालकानं जागा बिल्डरला दिली. आपाला बायपासच्या पलीकडं खोली मिळाली. तिथं नळ नाही, टँकरचाही भरवसा नाही. टेम्पोत सामान चढलं, सासूला पुढं बसवलं. तेवढ्यात काकू बाहेर आल्या. आपाचा रिकामा ड्रम त्यांनी खाली उतरवून घेतला, त्या जागी आपला आमराईचा चढवला, आणि घरातून कळशी-कळशी आणून त्यात पाणी ओतायला लागल्या.

आपा कासावीस झाली. "नक्को काकू! तुमाला काय ऱ्हाईल?"

"म्हातारीचं कसं करशील तिथं? गप बस." काकूंनी मान वर केली नाही.

पदरात तोंड घालून रडत आपा गेली.

पुढच्या टँकरला काकू रांगेत उभ्या होत्या, पुढ्यात आपाचा कोरा ड्रम. मी म्हटलं, "काकू, यावर एखादं चित्र लावून देऊ?"

"हात लावू नकोस," त्या म्हणाल्या. "तो तिचा आहे."