खापरातली सवत

शेवटच्या भेटीत ह्यांनी माझी चौकशी केली नाही. दवाखान्यात, नाकातल्या नळीमुळे जड झालेल्या आवाजात म्हणाले, "टेबलावरची ती... खिडकीत ठेवू नकोस. पडेल." मी "बरं" म्हटलं. सकाळी फोन आला.

ती म्हणजे तळहाताएवढं एक खापर. शब्द नपुंसकलिंगी, पण हे कायम 'ती'च म्हणायचे. पनवेलला कॉलेजात इतिहास शिकवायचे आणि सुट्टी मिळाली की खाडीकाठच्या जुन्या वस्त्यांच्या खुणा शोधत हिंडायचे. जासईकडे कंटेनरच्या गोदामांसाठी जमिनी उकरल्या जाऊ लागल्या, तेव्हा तर रोजच. आमची मासेवाली दारातच हसायची, "वैनी, सरांना फुटकी मडकी गावली. आता जेवायला येत नाय ते." एका संध्याकाळी हे तिला घेऊन चिखलाच्या पायांनीच आत आले. यंत्राने मातीचे थर उलटेपालटे केलेले, त्यामुळे काळ ठरवायला ते खापर निरुपयोगी... पण भांड्याला धरायचा कान चिकटवताना दाबलेला अंगठा त्यावर रेषांसकट उमटला होता. "केवढासा आहे बघ. बाईचाच. राजे नाण्यांवर सापडतात गं, ही अशीच सापडायची." मग म्हणाले, "तुझा लावून बघ ना."

"सवतीच्या मापाला मी कशाला लावू?"

ते हसले. मी चेष्टा केली नव्हती.

पुढे पेपर तपासताना त्यांचा डावा हात तिच्यावरच असायचा. मातीत भाताची तुसं होती, म्हणजे ती इथलीच. एका अंगाच्या काजळीवरून ती भांडं चुलीवर कसं ठेवायची, तेही त्यांना ठाऊक. मी चहातली साखर सोडली, हे मात्र त्यांना कित्येक महिन्यांनी कळलं.

गेल्या आठवड्यात त्यांची एक विद्यार्थिनी विचुंब्याहून आली, खापरांची खोकी कॉलेजात न्यायला. मी एकेक सुखाने देत होते. टेबलावरची तिने उचलली आणि सहज अंगठा टेकवला.

"काकू, बघा, बरोब्बर बसला."

"ती राहू दे."

"पण सगळी द्यायचीत म्हणालात..."

"राहू दे गं."

मुलगी गेल्यावर मी पहिल्यांदाच माझा अंगठा लावून पाहिला. संधिवाताने पेरं सुजलेली... मावला नाही. तेव्हा मावला असता का, आता कोण सांगणार. खळग्यातल्या रेषा मात्र मधोमध पुसट झाल्या आहेत. इतकी वर्षं ह्यांचा अंगठा तिथेच फिरत होता.

खिडकीपासून लांब, त्यांच्या चष्म्याशेजारी तिला ठेवली आहे. घरात आता आम्ही दोघीच.