थांबला की तापतो

माझी आत्या कशाकशाला घाबरते हे सांगायला बसले तर वैशाखातली दुपारही अपुरी पडेल. त्यापेक्षा ती कशाला घाबरत नाही ते सांगते. ती माणसांना घाबरत नाही. बहादरपुरात, तिच्या गावात, तिच्या तोंडाला लागायची हिंमत सरपंचही करत नाहीत. पण ज्या वस्तूला वायर आहे, झाकण आहे किंवा जिच्यातून वाफ निघते, त्या वस्तूसमोर माझी आत्या पाचवीतल्या मुलीसारखी उभी राहते. कुकर लावला की ती अंगणात जाते आणि शिट्ट्या तिथूनच ऐकते. आभाळ गडगडलं की घरातले सगळे प्लग काढते, बंद पडलेल्या मिक्सरचासुद्धा. गॅसच्या सिलिंडरजवळ कुणी मोठ्याने बोलायचं नाही असा तिच्या घरात नियम आहे. त्यामुळे आमच्या घराण्यातली सगळी भांडणं अंगणात झाली आणि सगळ्या गल्लीला पाठ आहेत. इंदूरला एका मोठ्या दुकानात नातेवाइकांनी तिला लिफ्टमध्ये घालायचा प्रयत्न केला, तेव्हा ती म्हणाली, "डब्यात बसायला मी काय लोणचं आहे का?" आणि सगळ्यांना जिन्याने वर नेलं.

या भीतीचं एक हत्यार तिच्याकडे आहे, तिचा उलटा हात. घरात शिरलेली प्रत्येक गोष्ट ती आधी हाताच्या मागच्या बाजूने चाचपून बघते. टीव्हीची पाठ, मोटरसायकलची टाकी, पंख्याचं बटण, पोरांचं कपाळ. तळवा खोटं बोलतो, उलटा हात खरं सांगतो, असं तिचं म्हणणं. खकनारच्या एका लग्नात नवरदेव घामाने निथळत उभा होता. आत्याने मंडपात पुढे होऊन त्याच्या कपाळाला उलटा हात लावला आणि जाहीर केलं, "हा तापला आहे." मंगलाष्टकं थांबली. नवरदेवाच्या डोक्यावर ओला टॉवेल ठेवून त्याला कूलरसमोर बसवलं, मग लग्न लागलं. तो नवरदेव अजून भेटला की आधी तिच्या पाया पडतो आणि मग दोन पावलं मागे सरकतो.

अशा बाईच्या घरात गेमिंग लॅपटॉप आला. माझा आतेभाऊ पुण्याला नोकरीला लागला, कंपनीने त्याला नवा लॅपटॉप दिला, म्हणून जुना त्याने आईकडे ठेवला. तो भलताच दणकट होता आणि त्याच्या कळांखाली लाल उजेड लागायचा. आत्याने पहिला आठवडाभर तो उजेड म्हणजे धोक्याची बत्ती समजून त्यावर टॉवेल टाकून ठेवला. दिवेलागणीला एकदा हातही जोडले. मग भावाने सुट्टीत येऊन तिला एक खेळ लावून दिला. त्यात एक मोठा ट्रक असतो, परदेशातले रस्ते असतात आणि माल इथून तिथे पोचवायचा असतो. गोळीबार नाही, भुतं नाहीत. "आई, टाइमपास आहे," तो म्हणाला आणि पुण्याला निघून गेला.

कुकरला घाबरणारी माझी आत्या त्या ट्रकला घाबरली नाही. ती चष्मा लावून, पदर खोचून बसायची आणि अशी चालवायची की बघत राहावं. रिकाम्या रस्त्यावरसुद्धा सिग्नलला थांबायची. समोरून ट्रक आला की त्याला "राम राम" करायची. पाट्यांवरची गावं तिला वाचता येत नव्हती, म्हणून तिने स्वतःची ठेवली होती. जंगलाचं वळण म्हणजे असीरगड, कारखान्यांचं शहर म्हणजे खंडवा, मग सनावद, आणि एक लांबलचक पूल यायचा तो नर्मदा. पूल आला की ती एक हात सोडून शेजारच्या तांब्यात नाणं टाकायची आणि "मैया" म्हणायची. त्यानंतर डोंगर लागायचा. तो इंदूरच्या अलीकडचा घाट. त्या डोंगरात ती एक शब्द बोलायची नाही आणि दुसऱ्या कुणालाही बोलू द्यायची नाही.

मला वाटायचं की म्हातारपणाला फुटलेला हा छंद आहे. एका दुपारी मी विचारलं तेव्हा कळलं. माझे फुफाजी, म्हणजे तिचे यजमान, केळीचा ट्रक चालवतात. बहादरपुरातून गाडी भरायची आणि दिल्लीच्या रस्त्याला लागायचं, हा त्यांचा उभा जन्म.

"ते निघाले की मी निघते," आत्या म्हणाली. "ते घाटात, तर मी पण घाटात."

"त्याने काय होतं आत्या?"

"काही होत नाही. तेच तर पाहिजे ना बेटा. काही व्हायला नको."

माझे बाबा चळवळीतले, त्यामुळे माझ्या घरी गोष्टींच्या पुस्तकांआधी पत्रकं आली. बाबांच्या टेबलावरच्या पत्रकांवर मी अक्षरं गिरवली आहेत, म्हणून अशा ठिकाणी माझी जीभ शिवशिवते. मी तिला तिथल्या तिथे अंधश्रद्धेवर एक व्याख्यान दिलं. तिने ते शेवटपर्यंत ऐकलं, कारण रस्ता सरळ होता. मग म्हणाली, "झालं? आता चूप बस, वळण आहे."

फुफाजींचीही मी सुटका केली नव्हती. माल पिकायच्या आत पोचला पाहिजे म्हणून ड्रायव्हरला झोपू न देणारा हा धंदा माणसं खातो, असं एक जळजळीत पत्रक मी लिहिलं होतं. ते मी त्यांच्या हातात दिलं. पुढच्या फेरीनंतर विचारलं, "वाचलं का फुफाजी?"

"वाचलं ना. बराबर लिहिलं आहे. कागद पण चांगला होता, समोरची काच एकदम साफ झाली."

तर या लॅपटॉपला गेल्या उन्हाळ्यात ताप भरला. पंखा घरघरायचा, आतून काहीतरी खडखडायचं, कळांवर बोट टेकवत नव्हतं. भावाने फोनवर शंभरदा सांगितलं, आई, खेळ झाला की बंद कर, थंड होऊ दे. आत्या ऐकेना. तिचं आयुष्य केळीच्या गाड्यांत गेलेलं. भरलेली गाडी चालत असते तोवर मालाला वारा लागतो. गाडी उन्हात उभी राहिली की घड आतल्या आत तापतात आणि दिल्ली यायच्या आधीच पिवळे पडतात. हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. "थांबला की तापतो," हा फुफाजींचा मंत्र, आणि आत्याने तो जसाच्या तसा लॅपटॉपला लावला. ती तो कधीच बंद करायची नाही. जेवायला उठली तरी तिचा ट्रक कुठल्यातरी परदेशी धाब्यावर इंजिन चालू ठेवून उभा असायचा. शिवाय गाडीत माल बसवताना देतात तसा सुक्या केळपानांचा जाड थर तिने लॅपटॉपखाली दिला होता आणि बाजूंनी ओलं बारदान लपेटलं होतं. म्हणजे ज्या फटींतून त्या बिचाऱ्याने श्वास घ्यायचा, त्या सगळ्या तिने मायेने बुजवल्या होत्या.

मी बुरहानपूरहून तिच्याकडे जेवायला गेले, तो दिवस मला नीट आठवतो. बाहेर लू वाहत होती. रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. फुफाजी सकाळी निघाले होते आणि नर्मदेच्या पुलावरून त्यांचा फोन येऊन गेला होता. त्यांचा नेम असा की पुलावरून एक फोन, घाट चढून गेल्यावर एक फोन. आत्या डोंगर चढत होती. माझं ताट वाढलेलं होतं, तिचं तसंच झाकून ठेवलेलं. लॅपटॉप असा घोंघावत होता की चक्की चालू आहे असं वाटावं. आणि अर्ध्या चढावर, समोर वळण असताना, पडदा काळा झाला. पंखा थांबला. घरात एकदम इतकी शांतता झाली की मला माझा घास चावलेला ऐकू आला.

आत्या ओरडली नाही. मला वाटलं होतं ती अंगणात पळेल. ती तशीच बसून राहिली, दोन्ही हात कळांवर ठेवून.

"घाटात बंद पडली," ती म्हणाली. कोणती गाडी ते बोलली नाही.

तिने फोन लावला. फोन बंद असल्याचं ती नेहमीची बाई हिंदीतून सांगत होती. परत लावला, परत तीच बाई. मी म्हणाले की घाटात रेंज नसते. आत्या म्हणाली, "रेंज नसते तेव्हा ती दुसरं बोलते. ही बंदवाली आहे." आणि ते खरं होतं.

"काल रातभर गाडी भरून राहिले होते," ती खाली बघत म्हणाली. "झोपले नाहीत. मागच्या फेरीला मला सांगत होते, रस्त्यावरचा पांढरा पट्टा दोन-दोन दिसतो म्हणे. हसून सांगत होते. हसण्याची गोष्ट आहे का ती?"

मी पत्रक लिहिलं होतं, पण माझ्या पत्रकात तो दोन झालेला पट्टा नव्हता. मला काहीतरी करणं भाग होतं, आणि माझ्या हातात येण्यासारखी गाडी एकच होती. मी बारदान सोडलं, केळपानं बाजूला केली, लॅपटॉप उलटा केला आणि स्क्रू काढायला शिलाई मशीनच्या डब्यातला पेचकस मागितला.

"उघडू नको, फुटेल," आत्या म्हणाली. तरी पेचकस दिला आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

खालचं झाकण निघालं. पंख्याच्या पात्यांवर धुळीची गोधडी होती, फटींत पानांचा भुगा, आणि सगळ्यावर हळदकुंकवाचा एक थर. दसऱ्याला गाडीसोबत तिने याचीही पूजा केली होती. खडखड कशाची ते पण सापडलं. पंख्याच्या कडेला अक्षतांचा एक दाणा अडकला होता, काळा पडलेला. मी तो तिच्या तळहातावर ठेवला. तिने बघितला आणि मूठ मिटली. मी रंगाच्या ब्रशने पाती झाडत होते. मधल्या चिपेवरचा लेप वाळला आहे, तो बदलावा लागेल, असं मी म्हणाले, तर तिने लगेच विचारलं, "चंदन उगाळू का?" एरवी मी खूप हसले असते.

"आता चालू कर," ती म्हणाली.

"आत्ता नाही. आधी थंड होऊ दे."

"थांबला की तापतो बेटा, तुला समजून नाही राहिलं."

"केळी तापतात आत्या. हा थांबल्यावरच थंड होतो. जास्त तापला की आपला आपण बंद पडतो, जळू नये म्हणून. बनवणाऱ्याने तेवढी अक्कल घालून ठेवलेली असते त्यात."

"आपला आपण?"

"हो."

तिने त्या उघड्या पोटात डोकावून बघितलं. "माणसात नाही घातली," ती म्हणाली.

मग आम्ही दोघी थांबलो. अशा थांबण्याला मी पत्रकांतून पुष्कळ नावं ठेवली आहेत, पण त्या दुपारी दुसरं काही करता येत नव्हतं. ती मधूनमधून त्या पत्र्याला उलटा हात लावायची, मग मी लावायचे. माझ्या लक्षात आलं की मी मनात घाई करते आहे, लवकर थंड हो बाबा, ती वळणावर अडकली आहे. माझी मलाच लाज वाटली, तरी मी घाई करत राहिले.

फोन वाजला तो अनोळखी नंबरचा. आत्याने तो माझ्याकडे ढकलला. मी उचलला आणि स्पीकरवर टाकला.

"मी बोलून राहिलो," फुफाजींचा आवाज आला. "धाबेवाल्याचा फोन आहे. माझा तापून बंद पडला, काचेजवळ ठेवला होता. माठाच्या ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवला आहे. घाबरली तर नाही ना?"

आत्याने फोनवर वाकून विचारलं, "कुठे आहात?"

"घाटाच्या खाली. चहा घेतला, आता निघतो."

"डोळे कसे आहेत?"

"आहेत," ते म्हणाले.

"झोपा तिथेच. खाटेवर आडवे व्हा."

"वेडी आहे का. माल तापेल."

"तापू द्या. थांबलं की थंड होतं. पोरीने आत्ता मला उघडून दाखवलं."

"काय उघडून दाखवलं?"

"घरी आल्यावर सांगते. आधी झोपा. आणि त्या धाबेवाल्याला फोन द्या."

धाबेवाल्याला तिने तिच्या हिंदीत असं काही दटावलं की तो "जी माताजी, जी माताजी" करत राहिला. त्यांना ऊन उतरल्याशिवाय उठवू नका, किल्ली आपल्याजवळ ठेवा, आणि कपाळाला हात लावून बघा. उलटा हात, हेही सांगितलं.

माल पिवळा पडला. व्यापाऱ्याने जे ऐकवायचं ते ऐकवलं. फुफाजी परतताना एक पिकलेला घड घरी घेऊन आले आणि आम्ही पोटाला तडस लागेपर्यंत शिकरण खाल्लं. धंदा काही बदलला नाही. पुढच्या फेरीलाही गाडी रात्रीच भरली. घाटाखाली थोडं आडवं व्हायचं, एवढं मात्र फुफाजी आता करतात, कधी ऐकून, कधी कंटाळून. भावाने पुण्याहून लेपाची नळी पाठवली, ती मी लावली, आणि लॅपटॉप आता मांजरासारखा हळू आवाज करतो. केळपानं गेली. त्याखाली दोन विटा आल्या, खालून वारा खेळावा म्हणून. दसऱ्याला आत्या हळदकुंकू लांबूनच दाखवते.

परवा दुपारी मी गेले तेव्हा ती खेळत नव्हती. डोंगराच्या पायथ्याशी, एका परदेशी झाडाखाली तिने ट्रक उभा केला होता, इंजिन बंद करून. पडद्यावर काहीच हलत नव्हतं. बाजूने दुसऱ्या गाड्या जात होत्या, त्यांना ती राम रामही करत नव्हती. मी बोलायला तोंड उघडलं, तर तिने ओठांवर बोट ठेवलं. "झोपले आहेत," ती कुजबुजली. मी चपला हातात घेऊन आत आले आणि तिच्याजवळ बसले. तिचा एक हात लॅपटॉपवर होता, उलटा, आणि तो तिने बराच वेळ तिथून उचलला नाही.