काकाजी आणि परक्या गावाचं चित्र

आमच्या शेजारच्या काकाजींएवढा चिवट माणूस अख्ख्या नागपुरात दुसरा नसेल. वांगं किडकं निघालं तर ते अळीसकट जपून ठेवतील आणि दुसऱ्या दिवशी भाजीवालीपुढे हजर करतील. एकदा पारशिवनीऐवजी रामटेकच्या बसमध्ये चढले, तर गडावर दर्शन घेऊन प्रसादासह परतले. पण ‘चुकलो’ म्हणाले नाहीत.

विणकराच्या घरात जन्मलेल्या काकाजींचं आयुष्य कारकुनीत गेलं. गाव त्यांच्या लहानपणीच धरणाच्या पाण्याखाली गेलं, एक फोटोसुद्धा उरला नाही. आणि एका रविवारी संग्रहालयात त्यांना ते चित्र दिसलं. दीडशे वर्षांपूर्वी कुण्या इंग्रजाने जलरंगात काढलेलं. नदी, घाट, चिंच, वीसेक घरं, आणि खाली नुसतं ‘नदीकाठचे गाव’. ‘‘हे आमचंच गाव होय!’’ काकाजींनी जाहीर केलं. त्या दिवसापासून तिथे गावाचं नाव लागावं म्हणून अर्जांवर अर्ज सुरू झाले. दर रविवारी ते चित्रासमोर उभे. शेवटी रखवालदाराने आपली खुर्ची देऊन टाकली. काठावरचे लाल-निळे ठिपके लोकांना फुलं वाटत. ‘‘फुलं नाई गा, सूत वाळू घातलं हाय,’’ काकाजी मला दटावत. चिंच मात्र त्यांच्या आठवणीतल्या जागेवर नव्हती. ‘‘सायबाले घाई झाली असन!’’

अखेर संग्रहालयाचे साहेब कंटाळून म्हणाले, ‘‘गावातलं कोणी जुनं माणूस आणा, ओळखू द्या.’’ काकाजींनी उमरेडहून थोरल्या बहिणीला आणलं. मीही सोबत होतो. बाईंनी चष्मा पुसला, बराच वेळ पाहिलं.

‘‘नाई रे बाबू. आपल्या नदीले घाट कुठी होता? आपन तं दगडावर धुनं धुवो. हे दुसऱ्याचं गाव हाय.’’

काकाजींनी हातातला अर्ज घडी करून खिशात ठेवला. ‘‘चुकलं गा माझं,’’ ते मला म्हणाले. मला फार वाईट वाटलं. बाई मात्र खुर्चीत बसून चित्राकडे पाहतच राहिल्या.

पुढच्या रविवारी काकाजी पिशवी घेऊन पुन्हा निघाले. ‘‘आता काहून जाता काकाजी?’’ मी विचारलं.

‘‘आमचं नाई, पन कोनाचं तरी असन ना? त्यायले कोनं सांगितलं?’’

आता गल्लीतला एकही म्हातारा सुटत नाही. नदीकाठचा कुणी सापडला की काकाजी त्याला रिक्षात घालून चित्रासमोर नेतात. उमरेडहून बाई मला फोन करतात, ‘‘भेटलं का गा त्या गावचं मानूस?’’ अजून नाही, असं सांगतो आणि मीही नदीकाठचा म्हातारा शोधू लागतो.