मुकादमांचा झेल

मुकादमांच्या हाताचं आणि चहाच्या कपाचं वाकडं आलं होतं. कप समोर, हात मांडीवर, मध्ये वीतभर अंतर. पण हात उठेल तर शपथ. उठलाच तर थरथरत निघायचा आणि कपाचा कान सोडून बशीला जाऊन भिडायचा. ज्या माणसाने उभा जन्म ट्रकवरून येणारी कलिंगडं झेलली, त्याला आता शर्टाचं बटणही दाद देईना. डॉक्टरांनी कंपवात सांगितला, गोळ्या दिल्या. बायको कप ओठाला लावू लागली. मुकादमांना त्यापेक्षा तहान बरी वाटायची.

घाव घातला तो मुलाने. हमालांची टोळी आता तोच सांभाळत होता. "बाबा, गोदामात खुर्ची टाकतो. बसा, गप्पा मारा. पण रांगेत उभं राहायचं नाही."

पोरगा चुकीचं बोलत नव्हता, म्हणून तर जास्त झोंबलं. ट्रकपासून ढिगापर्यंत माणसांची रांग, आणि या हातातून त्या हातात उडत जाणारं कलिंगड. त्या रांगेबाहेर आपण कोण, हे मुकादमांना कधी शोधावंच लागलं नव्हतं.

खुर्ची टाकली ती नेमकी त्यांच्या जुन्या जागेशेजारी. ट्रकवर फेकायला लंबू होता. या टोळीत फेकणारा बघत नाही, "घ्या" म्हणतो आणि सोडतो. त्यांच्या जागेवरचा नवा गडी चप्पल सारखी करायला वाकला, आणि लंबूने सवयीने कलिंगड सोडलं ते थेट मुकादमांच्या अंगावर.

मुकादमांचे दोन्ही हात वर गेले आणि त्यांनी ते अलगद झेललं.

लंबूने जीभ चावली. मुलगा धावत आला. "बाबा, लागलं का?"

"गप रे," मुकादम आपल्याच हातांकडे बघत म्हणाले. "लंबू, अजून एक टाक."

दुसरंही झेललं. पण खाली ठेवायची वेळ आली आणि हात पुन्हा हटून बसले. नातवाला मांडीवर घ्यावं तसं कलिंगड धरून मुकादम बसून राहिले.

"झेलाल हो," मुलगा म्हणाला, "पण ठेवणार कोण?"

डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, काहींचं असं होतं. जागच्या वस्तूकडे जाताना हात अडतो, पण चालून आलेली वस्तू डोळ्याला दिसली की हात आपसूक धावतो. नेहमी धावेलच असं मात्र नाही.

बायकोला तेवढं पुरे झालं. तिने घरात फेकाफेकीच मांडली. साबण फेकला, टॉवेल फेकला, मोजे फेकले. मुकादम टिपत होते आणि बऱ्याच महिन्यांनी भांडतही होते. "अगं, चहा तेवढा फेकू नकोस!"

मग एके सकाळी ती बाह्या सरसावून गोदामात हजर. "मी ठेवीन. यांनी झेलायचं आणि त्याच झोकात माझ्याकडे सोडायचं. थांबले तर अडतात."

"आई, हे बायकांचं—"

"तुला अंगाखांद्यावर वागवलंय मी. तू काय कलिंगडापेक्षा हलका होतास?"

टोळी खो खो हसली. मुलाचा नाइलाज झाला. पहिलं कलिंगड मुकादमांनी झेललं, झोकात सोडलं, आणि ते बाईसाहेबांच्या हातातून निसटून फुटलं. ज्या टोळीत फळ पडणं म्हणजे नाक कापलं जाणं, तिथे लालभडक चिखल झाला. आजाराने मुकादमांचा चेहरा पार दगड करून टाकला होता. तो आधी ओठाच्या कोपऱ्यात हलला, मग ते पोट धरून हसले.

"हसता काय? पुढचं सोडा!" ती हात पुसत ओरडली.

मुलगा स्वतः ट्रकवर चढला. लंबूला बाजूला करून त्याने दोन्ही हातांनी जपून, अगदी हळूच एक कलिंगड पुढे केलं. मुकादमांचे हात जागच्या जागी थरथरत राहिले.

"हळू नको रे," ते म्हणाले. "हळू आलं की हाताला विचार करायला वेळ मिळतो. नेहमीसारखं टाक."

मुलाने बापाकडे एकदा नीट पाहिलं, "घ्या!" म्हणून आरोळी ठोकली, आणि जोरात टाकलं.