अर्धा क्लच

पहिल्या दिवशी मी मागच्या सीटवर जाऊन बसलो. दार ओढून घेतलं, पिशवी मांडीवर ठेवली आणि गाडी सुटायची वाट बघू लागलो. गाडी शिकवणारी मुलगी पंचविशीची असेल, ती पुढे डावीकडे बसली होती. तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि फार अदबीने म्हणाली, "अंकलजी, चलानी आपको है."

चोपन्न वर्षं मला कुणी ना कुणी नेऊन आणलं आहे. आधी वडिलांची सायकल, मग मित्रांच्या स्कूटरी, मग मुलाची गाडी. आमचे पूर्वज देशावरून घोड्यावर बसून, नर्मदा ओलांडून झाशीला आले, असं आमच्या घरात दर सणाला सांगतात. मुलांना ही गोष्ट मीच सांगत आलो आहे, आणि प्रत्येक वेळी घोडा थोडा उंच होत गेला आहे. पण खरं सांगायचं तर ते मागून बैलगाडीतून दप्तर सांभाळत आले असावेत. माझ्याकडे बघून तरी तसंच वाटतं. बाविसाव्या वर्षी मी एकदा मामाची स्कूटर चालवली होती. ती समोरच्या भिंतीने थांबवली. त्यानंतर हँडल म्हणून काही हातात धरलं नाही.

मग आता हे खूळ कशाला? तर बायकोच्या गुडघ्यासाठी. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी बजावलं, दोन महिन्यांत व्यायामाने तो वाकला नाही तर कायमचा ताठ राहील. व्यायाम करून घेणारी बाई रेल्वेलाइनच्या पलीकडे आणि आम्ही प्रेमनगरात. ई-रिक्षात चढायचं म्हणजे पाय उचलायचा, आणि तोच तर उचलत नव्हता. दोनदा गेलो. दोन्ही वेळा ती खड्ड्याखड्ड्याला ओठ चावत घरी आली. नंतरच्या तीन वेळा "आज राहू दे हो" म्हणाली, आणि मीही राहू दिलं. मला हायसं वाटलं, हे कबूल करायला हवं. सकाळचा चहा, कुकर, तिची गरम पाण्याची पिशवी, मग कचेरी, मग परत कुकर. मी थकलो होतो. गुडघा मात्र होता तिथेच होता.

मुलगा नोकरीसाठी परगावी गेला तेव्हा त्याची जुनी गाडी आमच्या दारात ठेवून गेला. तिच्यावर आम्ही पापड वाळवत होतो. एक ड्रायव्हर मिळाला, तो चार दिवस आला आणि लग्नसराईत नाहीसा झाला. मुलाला फोन केला. तो आमचं मराठी ऐकतो आणि उत्तर हिंदीत देतो. म्हणाला, "बाबा, आप रहने दो. आपसे नहीं होगा."

हे त्याने प्रेमाने म्हटलं होतं. म्हणूनच जास्त लागलं.

मी कारकून माणूस. आमच्या कचेरीत लेखी आल्याशिवाय खुर्चीसुद्धा जागची हलत नाही. तेव्हा गाडी शिकताना मी वही केली. एक, सीटबेल्ट. दोन, आरसा. तीन, गिअर मोकळा आहे याची खात्री. असे चौदा मुद्दे. ती मुलगी चिरगाँवच्या रस्त्यावर मला बारा दिवस घेऊन गेली आणि बाराही दिवस माझी वही बघून हसू दाबत राहिली. "अंकलजी, सड़क पर कॉपी नहीं देखते," ती म्हणायची. मी म्हणायचो, "बेटा, रेकॉर्ड रहना चाहिए." लायसन्स मिळालं त्या दिवशी तिने माझं अभिनंदन केलं, पण स्वर सांत्वनाचा होता.

पहिल्यांदा बायकोला घेऊन निघायचं त्या सकाळी मी वही दोनदा वाचून काढली. आमच्याकडे कामाला निघणाऱ्याच्या हातावर दही घालतात. तिने खुर्चीतूनच माझ्या हातावर दही घातलं आणि मग स्वतःचा हात पुढे केला.

"मलाही घाला. मीही त्याच गाडीत आहे."

सपाट रस्त्यावर ठीक गेलो. म्हणजे सायकली आम्हाला मागे टाकत होत्या, पण गेलो. मग पूल आला. रेल्वेलाइन ओलांडणारा, चढाचा. पुढचा टेम्पो चढावर थांबला, मी थांबलो, आणि गाडी बंद पडली. चालू केली. पुन्हा बंद. आणि ब्रेकवरचा पाय जरा सैल झाला तशी ती हळूहळू मागे जाऊ लागली. मागे हॉर्नचा गदारोळ. मी ब्रेक घट्ट दाबला आणि वही उघडली.

चौदाही मुद्दे वाचले. चढावर गाडी बंद पडली तर काय करायचं, हे कुठेच नव्हतं. बाराही दिवस रस्ता सपाट होता.

मागचा ई-रिक्षावाला खिडकीशी आला. आत डोकावून वही बघितली आणि ठेवणीतल्या बुंदेलीत विचारलं, "काय दाऊ, गाड़ी चला रए कै पाठ कर रए?"

मी उत्तर देणार तोच पाय पुन्हा ढिला झाला, गाडी हातभर मागे घसरली आणि बायकोने आपल्या बाजूला जोरात पाय दाबला, जणू तिच्याकडेही ब्रेक आहे. पाय ऑपरेशनचाच. तिच्या तोंडून जो आवाज आला तो मी दवाखान्यातसुद्धा ऐकला नव्हता.

वही खाली पडली. ती मी उचलली नाही.

रिक्षावाल्याने कुठूनसा एक दगड आणून मागच्या चाकाला लावला. "अब पीछे नहीं जाएगी दाऊ. आराम से. आधा क्लच छोड़ो, गाड़ी काँपेगी, काँपने दो. फिर रेस."

धैर्य वगैरे काही आलं नाही, ते आलं असतं तर सांगायला बरं वाटलं असतं. एवढंच झालं की तीस वर्षं घाबरण्याचा एकदम कंटाळा आला. फार दमल्यावर माणूस वाद घालायचं सोडून देतो, तसं. क्लच अर्धा सोडला. गाडी थरथरली. मीही थरथरत होतो, त्यामुळे निदान आमची सोबत जमली. रेस दिली. ती वर चढली, टेम्पोच्या मागे मागे, पुलाच्या माथ्यापर्यंत, आणि मग उतारावर आपोआपच.

व्यायामवाल्या बाईने तास घेतला. मी बाहेर बाकावर बसून दोन्ही पंजे उघडमीट करत होतो, स्टिअरिंग धरून ते आखडले होते. आतून बायकोचं कण्हणं ऐकू येत होतं आणि अधूनमधून बाईचं "थोडा और, दीदी, थोडा और". तासाभराने पडदा सरला. गुडघा मागच्या खेपेपेक्षा दोन बोटं जास्त वाकला होता.

परत त्याच पुलावरून आलो. एकदाही बंद पडली नाही, पण हे बघायला कुणी ओळखीचं नव्हतं. घरी तिला पलंगावर टेकवलं, पायाखाली उशी दिली आणि मी तिथेच खाली जमिनीवर बसून राहिलो. कुकर लावायचा होता. उठवेना. मनात होतं, आता ती काहीतरी म्हणेल. शाबासकीच असं नाही, पण काहीतरी.

तिने पायाखालची उशी जरा वर सरकवून घेतली. मग म्हणाली, "परवा पुन्हा जायचंय. आज पुलावर जाताना-येताना मी डोळे घट्ट मिटून घेतले होते. परवा उघडे ठेवायचा प्रयत्न करीन. वचन देत नाही."