हळद लागलेली क्लच प्लेट

आमच्या घरात एक रीत आहे आणि लहानपणापासून माझा तिच्यावर राग आहे. मुलीचं लग्न झालं की तिला मूल होईपर्यंत बापाने तिच्या सासरी पाहुणा म्हणून जायचं नाही, तिथलं पाणीसुद्धा प्यायचं नाही. बाबा एरवी जुनं काही मानत नाहीत. हे मात्र, "माज्या बापानं पाळलं, मी कसा मोडू गं?" माझं लग्न ठरलं ते खालापूरच्या पलीकडच्या गावात. आमच्या भिसेगावातून निघालं की चहा पचायच्या आत पोचावं एवढंच अंतर, तरी बाप येणार नाही. मी सांगून टाकलं, "मला मुलगी नका समजू, म्हैस विकली समजा. म्हशीला बघायला तरी याल."

बाबा हसले नाहीत, म्हणजे त्यांना लागलं होतं.

माझ्याकडे एक जुनी, दोन सीटची लाल स्पोर्ट्स कार होती. इतकी बुटकी, की गल्लीतली कुत्री वाकून आत बघायची. हीच चालवत सासरी जाणार हा माझा हट्ट. आणि लग्नाच्या तोंडावर माथेरानच्या घाटात, टॅक्स्यांच्या मागे अर्ध्या क्लचवर रखडत मी तिचा क्लच जाळला. कर्जतच्या मेकॅनिकने गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि हात जोडले. बाबा म्हणाले, "आन घरी. आपुन खोलू."

बाबांनी रसायनीच्या कारखान्यात पंप खोलण्यात जन्म घालवला होता आणि मी मोबाईलवर व्हिडिओ बघितले होते. एवढ्या भांडवलावर आम्ही अंगणात गाडी ठोकळ्यांवर चढवली. गिअरबॉक्स खाली घ्यायला मांडव घालणारे चौघे लागले. आईने त्यांना भजी खाऊ घातली, म्हणून मांडव रखडल्याचं कुणी बोललं नाही. हळदीचा दिवस उजाडला तरी नवरी गाडीखालीच. मावशी माझे हात बघून म्हणाली, "मेंदीपरीस ग्रीस चांगला रंगलाय गं. सासू लय माया करील."

नवी प्लेट बसवताना ती बरोबर मध्यावर धरायला लागते, नाहीतर गिअरबॉक्स परत आत जात नाही. त्यासाठीचं हत्यार आमच्याकडे नव्हतं. बाबांनी स्वयंपाकघरातून आईचं लाटणं आणलं. त्याचं निमुळतं टोक भोकात असं बसलं, की जणू सुताराने मापच घेतलं होतं. आई मागोमाग आलीच. "माजं लाटनं नेता, मग माजा बी हात लागू दे. पोरीसंगं जायची वस्तू हाय, कोरडी कशी जाईल?" आणि आम्ही तोंड उघडेपर्यंत तिने तेलात कालवलेल्या हळदीची दोन बोटं प्लेटवर ओढली.

मी डोक्याला हात लावला. क्लच प्लेटला तेल म्हणजे पायाला साबण, धरायचं तिथेच घसरणार. बाबा शांतपणे म्हणाले, "वरडू नको. मी पुसतो, तू पाना आन."

मी पाना घेऊन आले तोवर प्लेट आत बसलीसुद्धा होती.

दुसऱ्या दिवशी शालू सावरत मीच गाडी चालवली. शेजारी नवरा मुंडावळ्या सांभाळत बसला होता. बाबा फाटकाशी उभे होते, त्यांनी डोळे पुसले नाहीत, नुसते इंजिनाच्या आवाजाकडे कान लावले. मी मात्र पळसदरीपर्यंत रडले.

थोड्याच दिवसांत चढावर इंजिन नुसतं बोंबलायला लागलं. गाडी जागची हलेना. मी फोन केला. बाबा म्हणाले, "परत खोलायला लागंल."

रविवारी सकाळी ते दारात हजर. खांद्याला पान्यांची पिशवी, अंगात कारखान्यातला जुना निळा शर्ट. सासूबाई लगबगीने "या ना, व्याही" म्हणाल्या, तर हे पायरीखालीच थांबले. "व्याही नाय, मी गाडीच्या कामाला आलोय."

सासूबाईंची पापणीसुद्धा हलली नाही. "कामाला आलेल्याला आमच्यात चहा देतात."

"मग द्या की," बाबा म्हणाले. आणि माझ्या घरचा चहा बशीत ओतून प्यायले. मला इतका आनंद झाला, की मी उगाचच त्यांच्यावर ओरडले, बशी नीट धरा म्हणून.

दुपारी प्लेट बाहेर आली. जळून काळी झालेली, पण रिव्हेटच्या खाचांत हळद जशीच्या तशी पिवळी.

"बाबा, तुम्ही पुसली नव्हतीत?"

"पुसली असती, तर आज कुठल्या कामाला आलो असतो गं?"

त्यांनी पिशवीतून नवी प्लेट काढली. तिच्याखालून एक लहानशी डबी घरंगळली. झाकण तेलकट, कडेला पिवळं. "तुज्या आयशीनं दिल्याय," ते माझ्याकडे न बघता म्हणाले.

मी पाना आणायला आत गेले आणि मुद्दाम वेळ लावला.